बेअरमन्स व्हॅलीतला बिननावाचा रस्ता

पुरुषोत्तम आठल्यांना मी पहिल्यांदा पाहिलं ते झेरॉक्स मशीनशी भांडताना. साल १९८३, नोव्हेंबर महिना. माझा नवरा अनिल अमेरिकेतल्या स्टेट कॉलेज नावाच्या गावी, तिथल्या युनिव्हर्सिटीत पीएचडी करत होता आणि मी तिथल्याच लायब्ररीत, नकाशांच्या विभागात अर्धवेळ कामाला होते. पन्नाशी उलटलेला, लोकरी टोपी कानांवर ओढलेला एक माणूस मशीनच्या झाकणावर थापा मारत मराठीत म्हणत होता, "कागद पण गिळतोस आणि नाणं पण गिळतोस? लाज नाही वाटत?"

"काका, हिरवं बटण दाबा," मी म्हटलं.

त्या गावात तेव्हा मराठी बोलणारं कोणी भेटलं की लोक हातातलं काम टाकून त्याला चहाला घरी न्यायचे. यांनी वळून पाहिलं आणि म्हणाले, "मग इतका वेळ बघत काय उभी होतीस?"

अशी आमची ओळख. त्यांना हवा होता आमच्या विभागातला एक जुना अ‍ॅटलास, १८७०-८० च्या सुमाराचा. त्यात परगण्यातलं प्रत्येक घर टिंबानं दाखवलेलं होतं आणि टिंबाशेजारी मालकाचं नाव. असले नकाशे बघायला सहसा आपल्या खापरपणजोबांचा शोध घेणारे अमेरिकन यायचे. मूळच्या मिरजेच्या या इंजिनिअरला ते कशाला हवेत, म्हणून मी विचारलं.

"आमच्या व्हॅलीत आज काय आहे ते कोणी सांगतच नाही," काका म्हणाले. "शंभर वर्षांपूर्वी काय होतं तेवढंच सांगतात. म्हटलं, आता तेच पाठ करतो."

स्टेट कॉलेजहून डोंगर ओलांडला की बेअरमन्स व्हॅली. मध्ये एक ओढा, दोन्ही अंगांना मक्याची शेतं, लाल कोठारं आणि बरोबर मधोमध एक दगडी चर्च. काका जवळच्या चुन्याच्या कारखान्यात मेकॅनिकल इंजिनिअर होते. बावन्न साली शिकायला आले, नोकरी लागली, लग्न करून मृणालिनी काकूंना घेऊन आले आणि चौऱ्याहत्तरमध्ये त्यांनी या व्हॅलीत एक जुनं फार्महाउस घेतलं. मुलगा विक्रम अमेरिकेतच जन्मला, शिकला आणि न्यूयॉर्कच्या एका बँकेत लागून जर्सी सिटीला राहायला गेला. एवढ्या वर्षांत काकांनी त्या घराचं छप्पर, बॉयलर, विहिरीचा पंप सगळं स्वतः दुरुस्त केलं. एकच गोष्ट त्यांच्या हातात नव्हती. त्यांच्या घराला पत्ता नव्हता.

पोस्टाचा पेटी-क्रमांक होता. पण तो पोस्टमन ज्या क्रमानं हिंडायचा त्या क्रमानं दिलेला, त्याचा जमिनीशी काही संबंध नाही. रस्त्यांना पाट्या नव्हत्या, घरांना आकडे नव्हते. कोणाला वाट विचारली तर उत्तर यायचं: जुन्या टोलनाक्याशी वळा, पूल होता तिथून ओढा पार करा, मग लोहाराचं दुकान लागेल, त्याच्या पुढे गिरणी. टोलनाका कधीच मोडलेला. पूल १८८९ च्या पुरात वाहून गेलेला. लोहाराच्या दुकानाच्या जागी गवत. गिरणी जळून गेलेली. पण सांगणारा असा हात दाखवायचा की आत्ता गिरणीतून पिठाची पोती खांद्यावर घेऊन माणूस बाहेर पडेल. मी स्वतः पहिल्यांदा त्यांच्याकडे जेवायला निघाले तेव्हा याच वर्णनावर दीड तास त्या व्हॅलीत फिरले आणि काकूंची आमटी तीनदा गरम करावी लागली. मला ते मुळीच काव्यात्म वगैरे वाटलं नाही. भयंकर राग आला.

काकांचा राग मात्र नुसता आमटीचा नव्हता. त्याच ऑक्टोबरात काकूंना दम्याचा मोठा झटका आला होता. गाडीत घालून न्यावं तर मध्ये डोंगर, आणि गाडीत ऑक्सिजन नाही. काकांनी अ‍ॅम्ब्युलन्सला फोन केला. ती गावकऱ्यांचीच, स्वयंसेवकांची. पलीकडच्या माणसानं विचारलं, "कोणाच्या शेजारी?" काका म्हणाले, पेटी नंबर अमुक. तो म्हणाला, "ते नको, गिरणीच्या अलीकडे की पलीकडे?" काकांना गिरणी माहीत नव्हती. नऊ वर्षं ते तिच्या जागेवरून रोज गाडी चालवत कामावर जात होते आणि त्यांना ती माहीत नव्हती. गाडी भलतीकडेच हिंडत राहिली. शेवटी शेजारच्या म्हाताऱ्या गुंथरबाई रस्त्यात उभ्या राहून पंचा हलवायला लागल्या तेव्हा कुठे ती वळली. काकू त्या वेळी वाचल्या. पण डॉक्टर म्हणाले, पुढच्या वेळी एवढा वेळ काढू नका.

त्या दिवसापासून काकांनी एकच ध्यास घेतला: रस्त्याला पाटी आणि घराला आकडा. दुसरं काही नको.

टाउनशिपचा, म्हणजे व्हॅलीच्या ग्रामपंचायतीचा, कारभार तीन निवडून आलेले सुपरवायझर बघायचे. महिन्यातून एकदा आगीच्या बंबाच्या हॉलमध्ये त्यांची मीटिंग, पत्र्याच्या खुर्च्या आणि पातळ कॉफी. अध्यक्ष हॅरी ब्रुंगार्ट, गाईगुरांचा शेतकरी, गोड बोलणारा. काकांनी आपलं म्हणणं मांडलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. ब्रुंगार्ट म्हणाला, बरोबर आहे, हे काम व्हायलाच हवं, आणि ते तुम्हीच करा.

काका खूश होऊन घरी आले. तुम्हीच का, ते त्यांना नंतर कळलं.

त्या दगडी चर्चमध्ये एका छपराखाली दोन मंडळ्या होत्या. एक लुथरन, एक रिफॉर्म्ड, ख्रिस्ती धर्मातलेच दोन पंथ. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी दोन चर्चं बांधण्याइतका दगड परवडला नाही म्हणून एकच बांधलं आणि रविवार वाटून घेतले: एक यांचा, एक त्यांचा. दारं दोन, कपाटं दोन, दफनभूमीची फाटकंही दोन. मग पाटाच्या पाण्यावरून दोन घरं भांडली, लुथरनांचे श्टोव्हर आणि रिफॉर्म्डांचे हाग, आणि हळूहळू सगळी व्हॅली त्यांच्यामागे वाटली गेली. परिणाम हा की जवळपास प्रत्येक रस्त्याला दोन नावं. काकांच्या घरावरून जाणारा रस्ता लुथरनांच्या तोंडी श्टोव्हर रोड आणि रिफॉर्म्डांच्या तोंडी हाग रोड. गुंथरबाई घरात कोण बसलंय ते बघून नाव घ्यायच्या. आठल्ये यांच्यातले नाहीत की त्यांच्यातले नाहीत, म्हणून हे लोढणं त्यांच्या गळ्यात.

काकांनी पहिल्या फटक्यात तोडगा काढला. नावंच नकोत. रस्ता एक, रस्ता दोन, रस्ता तीन. हॉलमध्ये कोणीतरी म्हणालं, आकडे तुरुंगात असतात. सगळे हसले आणि विषय पुढच्या मीटिंगवर गेला.

मग अ‍ॅटलास आला. मी त्यांना पानांच्या प्रती काढून दिल्या आणि काका दर शनिवारी तो नकाशा घेऊन व्हॅली पायी तुडवायला लागले. इथं शाळा होती, इथं चुनाभट्टी, इथं सफरचंदाच्या सायडरचा घाणा, इथं घोडागाडीवाल्यांची खानावळ. प्रत्येक टिंबाजवळ एखादा म्हातारा अंगणात उभा असायचा आणि काकांना तासभर सोडायचा नाही. खानावळीत कोणत्या गाडीवानानं पैजेवर किती अंडी खाल्ली ते काकांना माहीत झालं. शाळेतल्या मास्तरीणबाई कोणाबरोबर पळून गेल्या तेही. घरी येऊन बूट आपटत ते म्हणायचे, "मृणाल, मला यांच्या आज्याची लफडी नकोत गं! मला एक खांब पुरायचाय!"

काकू हसायच्या. त्यांना त्या व्हॅलीत कसलीच अडचण नव्हती. त्या दोन्ही रविवारी चर्चच्या स्वयंपाकघरात मदतीला जायच्या, देव कोणाचा हा प्रश्न त्यांनी कधी काढला नाही आणि कोणी त्यांना विचारलाही नाही. तिकडच्या बायका जेवणात सात प्रकारची आंबट लोणची मांडतात. काकूंनी लिंबाचं लोणचं करून आठवी बरणी ठेवली आणि दोन्ही मंडळ्यांच्या जत्रेत ती आधी संपायला लागली. मृणालिनी हे नाव काही त्यांच्या जिभेवर बसेना, म्हणून सगळ्यांनी त्यांना मॉली करून टाकलं होतं. काकांना ते अजिबात आवडायचं नाही.

पंच्याऐंशीच्या वसंतात काकांना नवी कल्पना सुचली आणि ती सुचणारा माणूस आपल्याकडचाच असू शकतो. आपल्याकडे माणूस गेला की वर्षाच्या आत त्याच्या नावाचा पथ होतो, चौक होतो, नाहीतर निदान बसस्टॉप तरी. काकांनी ठरवलं, श्टोव्हर नको आणि हाग नको, व्हॅलीतल्या कोणा थोर दिवंगताचं नाव देऊ. मग कोण भांडेल? ते दफनभूमीत गेले आणि सगळ्यांत भव्य दगड शोधला. संगमरवरी, वर कोरलेली गव्हाची पेंढी, खाली दोन जोडलेले हात. एझ्रा लँग, मृत्यू १८८४. एवढा मोठा दगड म्हणजे माणूसही तेवढाच मोठा, असा आपला हिशोब.

त्या मीटिंगला मी आणि अनिल मुद्दाम गेलो होतो. काकांनी कोट घातला होता. ते उभे राहिले आणि म्हणाले की हा रस्ता इथून पुढे एझ्रा लँग रोड व्हावा, असा माझा प्रस्ताव आहे. सगळ्या हॉलनं कॉफीचे कप खाली ठेवले.

एझ्रा लँगनं पाटाचं एकच पाणी गुपचूप श्टोव्हरांनाही विकलं होतं आणि हागांनाही. शंभर वर्षांचं ते सगळं भांडण त्याच्यामुळे. तो भव्य दगडही त्यानं स्वतःच, जिवंतपणी, त्याच पैशातून घडवून घेतलेला. इतक्या म्हाताऱ्यांनी इतक्या शनिवारी काकांना इतकं काही सांगितलं, पण हे एवढं कोणी सांगितलं नव्हतं, कारण ते सगळ्यांना माहीतच होतं. त्या दिवशी लुथरन आणि रिफॉर्म्ड पहिल्यांदा एका बाजूला उभे राहिले आणि काका दुसऱ्या बाजूला एकटे.

परत येताना काकांनी आम्हांला घरी चहाला नेलं. घरी पोचल्यावर म्हणाले, "मला आधी कोणी सांगायला काय झालं होतं?" काकूंना हसू आवरेना. हसता हसता त्यांना खोकला आला, खोकल्याची धाप झाली आणि त्या खुर्चीत बसून पंप ओढत राहिल्या. काका त्यांच्याकडे बघत उभे होते. त्यांचा तो चेहरा बघून आम्ही दोघं चहा न घेताच निघालो.

त्यानंतर ते भिजत घोंगडं कोणी उचललंच नाही. त्याच उन्हाळ्यात मात्र टाउनशिपच्या वर असलेल्या परगण्याच्या कारभाऱ्यांनी सुधारणा केली. गावोगावच्या अ‍ॅम्ब्युलन्सचे फोन बंद करून परगण्याच्या मुख्य गावी एकच केंद्र उघडलं. म्हणजे आधी फोन उचलणाऱ्याला निदान जळकी गिरणी तरी माहीत होती. आता फोन उचलणारी मुलगी यादीत रस्त्याचं नाव बघणार, आणि बेअरमन्स व्हॅलीनं यादी दिलेलीच नव्हती. काका ब्रुंगार्टच्या गोठ्यात जाऊन ओरडून आले. ब्रुंगार्ट दूध काढता काढता म्हणाला, "होईल हो मिस्टर आठल्ये. एवढी वर्षं थांबलं, आणखी थोडं."

विक्रम दर रविवारी फोन करायचा. "बाबा, जस्ट सेल इट. माझ्या बिल्डिंगमध्ये खाली डोअरमन आहे, हॉस्पिटल इज फाइव्ह मिनिट्स अवे. व्हॉट आर यू फायटिंग फॉर?" काकू दोन आठवडे जर्सी सिटीला राहूनही आल्या. तिथल्या देशी दुकानांत साड्या बघितल्या, सुनेच्या हातचं खाल्लं आणि परत आल्या. मला म्हणाल्या, "नीला, लिफ्टमध्ये कोणी कोणाशी बोलत नाही गं. इथं मी बाहेर पडले की चार हात वर होतात." आणि काका म्हणाले, "तिला इथं आवडतं ना, मग पाटी लागली पाहिजे. पळून कशाला जायचं?" दोघांचंही बरोबर होतं. मला कोणाला दोष द्यायचा ते आजही कळत नाही, आणि द्यायची इच्छा मात्र फार आहे.

शहाऐंशीचा जानेवारी. दुपारची वेळ, बर्फ पडत होता. काकूंना झटका आला, आधीपेक्षा जोराचा. काकांनी फोन लावला. मुलीनं विचारलं, रस्ता कोणता? ज्या माणसाला त्या व्हॅलीतलं प्रत्येक घर, जिवंत आणि मेलेलं, तोंडपाठ होतं तो काय सांगणार? काकांनी दोन्ही नावं सांगितली, श्टोव्हर किंवा हाग. मुलीनं यादीत श्टोव्हर रोड शोधला आणि तो तिला मिळाला. डोंगरापलीकडच्या दुसऱ्याच टाउनशिपमध्ये. गाडी तिकडे गेली.

काका ओसरीत उभे राहून सायरनची वाट बघत होते आणि गुंथरबाई बर्फात रस्त्यावर उभ्या होत्या, पण वळवायला गाडीच नव्हती. काकांनी पुन्हा फोन केला. पुन्हा सगळं सांगितलं. ओरडले, शिव्या दिल्या, मराठीत दिल्या, इंग्रजीत दिल्या. गाडी आली तेव्हा काकूंचे ओठ निळे पडले होते. हॉस्पिटलात त्या शुद्धीवर आल्याच नाहीत. तिसऱ्या दिवशी गेल्या.

आम्ही पोचलो तेव्हा स्वयंपाकघरात पाय ठेवायला जागा नव्हती. दोन्ही मंडळ्यांच्या बायकांनी जेवण पाठवलं होतं. काचेची भांडी, मातीची भांडी, टेबलावर, ओट्यावर, खिडकीत. प्रत्येक भांड्याच्या बुडाला चिकटपट्टी आणि त्यावर मालकिणीचं नाव, आपण स्टीलच्या पातेल्यावर घालून घेतो तसं, म्हणजे परत करताना घोळ नको. काकांनी एक भांडं उचललं, उलटं केलं, वाचलं आणि ठेवलं. मग दुसरं. मग म्हणाले, "भांड्यांच्या बुडावर नावं लिहितात. रस्त्यावर लिहायला यांचे हात मोडतात." आणि तिसरं भांडं त्यांनी मोरीत फेकलं. ते फुटलं. विक्रम "बाबा, प्लीज" म्हणत पुढे आला. मी त्याला धरून मागे ओढलं. फुटू दे म्हटलं.

मार्चच्या मीटिंगला काका जाणार नव्हते. ब्रुंगार्ट स्वतः घरी येऊन त्यांना घेऊन गेला. मी अनिलबरोबर मागच्या रांगेत बसले होते. हॉल खच्चून भरलेला, माणसं भिंतीला टेकून उभी. एक हाग उठला आणि म्हणाला की मिस्टर आठल्येंनी मागे सुचवलं होतं, रस्त्याला गेलेल्या माणसाचं नाव द्यावं. ते तेव्हा आम्ही ऐकायला हवं होतं. आमचा प्रस्ताव आहे, मॉली रोड. एक श्टोव्हर उठला आणि त्यानं अनुमोदन दिलं. बायका डोळे पुसायला लागल्या.

काका उभे राहिले. त्यांचा आवाज अगदी सरळ होता. "तिचं नाव मॉली नव्हतं. मृणालिनी होतं. आणि मला नाव नको आहे. अडीच वर्षं मी इथं एक आकडा मागत होतो. कोणताही. तुम्ही एक म्हणाला असतात तरी चाललं असतं. तो दिला असतात तर आज ती घरी असती. आता कशाला? मी या प्रस्तावाच्या विरोधात आहे."

मग ब्रुंगार्टनं डोळ्यांना रुमाल लावला आणि म्हणाला, "बघा, किती विनयी माणूस आहे." आणि सगळ्या हॉलनं उभं राहून टाळ्या वाजवल्या. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मला ओरडून सांगायचं होतं, अरे विनय नाही, त्याला राग आलाय, तुमचा राग आलाय! अनिलनं माझा हात घट्ट धरून ठेवला. प्रस्ताव एकमतानं मंजूर झाला. इतर रस्त्यांची नावं आणि घरांचे आकडेही त्याच बैठकीत, एका तासात, एकही भांडण न होता ठरली.

एप्रिलमध्ये केंद्राला यादी गेली, घरांवर आकडे लागले आणि खांब आला. हिरवी पाटी, पांढरी अक्षरं. काका त्या बाजूनं जायचंच सोडून लांबच्या वाटेनं कामावर जायला लागले. विक्रम न्यायला आला तर नाही म्हणाले.

मेमध्ये एका सकाळी लायब्ररीत त्यांचा फोन आला. मला कामावर त्यांनी कधी फोन केला नव्हता.

"नीला, गुंथरबाईंना अटॅक आला. हार्टचा."

"अरे देवा. मग?"

"मी फोन केला. मॉली रोड म्हटलं. घराचा नंबर सांगितला. त्या पोरीनं परत विचारलंसुद्धा नाही. मी फोन ठेवून फाटकापर्यंत जातोय तोवर गाडी आली."

"बऱ्या आहेत ना?"

"बऱ्या आहेत. बोलतायत."

मी समोरचे नकाशे बाजूला सारून खुर्चीत बसले.

"इतकं सोपं होतं गं," काका म्हणाले, आणि मोठ्यानं रडायला लागले.